सवतीचा सूर

दुपारी आईचा डोळा लागलाय असं पाहून मुलगी हळूच उठली आणि तिने भिंतीवरचा खटका बंद केला. टीव्हीखालच्या कप्प्यातली घूं थांबली. खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. तिला परदेशातल्या आपल्या कामावर फोन करून रजा वाढवून मागायची होती आणि त्या आवाजात तिचं तिलाच बोलणं धड ऐकू येत नव्हतं. पण फोन कानाला लावायच्या आत आई ताडकन उठून बसली.

"कोण गेलं?"

"कुणी नाही गं. मी इथेच आहे."

"नाही, कुणीतरी गेलं." आईने दारापर्यंत नजर नेली, परत आणली आणि मग टीव्हीखाली पाहिलं. "सवतीला बंद केलंस होय? लाव बरं."

मुलीने खटका लावला. घूं परत आली. आई आडवी झाली, तिने पदर डोळ्यांवर ओढला आणि थोड्याच वेळात तिचा श्वास संथ झाला. रजेचा फोन मुलीने बाहेर जिन्यात उभं राहून केला.

सवत म्हणजे बाबांनी घरी बनवलेला ट्रान्सफॉर्मर. दोन विटा एकावर एक ठेवाव्यात एवढा, काळा आणि वजनाला मरणाचा जड. टीव्हीच्या कपाटात खालच्या कप्प्यात बसून तो सदानकदा घूं करी. आईने त्याला पहिल्याच आठवड्यात हे नाव ठेवलं होतं, कारण बाबा सकाळी उठले की आधी त्याच्यावर हात ठेवून तो किती तापलाय ते बघत आणि मग चहा मागत.

"माझ्या कपाळाला कधी हात लावून पाहिला नाही इतक्या वर्षांत," आई म्हणायची.

"ताप आला होता तेव्हा लावला होता की," बाबा म्हणायचे.

"थर्मामीटर सापडत नव्हता म्हणून."

बाबांचा धंदा लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा. सभा, लग्नं, शाळांची संमेलनं. कुठलाही कार्यक्रम सुरू होण्याआधी मोकळ्या खुर्च्यांसमोर उभं राहून "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणणारा माणूस तो हाच. त्यामुळे सगळा गाव त्यांना हॅलो म्हणत असे. पत्रिकांवरही कुणी कुणी 'श्री. हॅलो' लिहून पाठवी. आई या नावावरून त्यांना जन्मभर चिडवत आली. फोन आला की ती "कोण?" म्हणायची. लोक हॅलो म्हणतात, तू का नाही म्हणत, असं लहानपणी मुलीने विचारलं तेव्हा आई म्हणाली होती, "उठताबसता नवऱ्याला हाक मारायला मला काय दुसरे उद्योग नाहीत?"

बाबांनी आयुष्यभर इतरांना आवाज पुरवला आणि स्वतः मात्र नेहमी गर्दीच्या मागे, कण्हणाऱ्या ॲम्प्लिफायरपाशी स्टुलावर बसून ऐकला. धंदा भागीदाराच्या हवाली करून घरी बसल्यावर त्यांनी मुलीकडे एकच गोष्ट मागितली. "तिकडे म्हणे घरातल्या घरात थेटर करायचं सामान मिळतं. पाच बाजूंनी आवाज, आणि माणूस मधोमध. एकदा मधोमध बसून ऐकायचंय."

ती तिथल्या एका वाचनालयात काम करत होती. महिनाभर दुकानं पालथी घालून तिने एक संच निवडला. एक ॲम्प्लिफायर, पाच स्पीकर, आणि धडधड काढणारा सहावा जाडजूड. दुकानातला माणूस भला होता. डबे बांधता बांधता त्याने विचारलं, "कुठे लावणार?"

"घरी," ती म्हणाली.

तो हसला आणि त्याने चिकटपट्टी लावली. त्याच्या दृष्टीने घर म्हणजे त्याच शहरातलं कुठलंतरी, चार रस्ते पलीकडचं. तिच्या दृष्टीने घर म्हटल्यावर पुढे पत्ता सांगायची गरज नव्हती. इतकी वर्षं तिकडे राहून, तिकडे भाडं भरून, त्या शब्दाने तिच्या तोंडात जागा बदललीच नव्हती. तिने नुसतं "माझ्या वडिलांच्या घरी, दूर देशात" म्हटलं असतं, तर त्या माणसाने नक्की तिचा हात धरून तिला थांबवलं असतं.

पिन वेगळी असते एवढं तिला ठाऊक होतं. तिने बदलायची पिनही आठवणीने घेतली होती, वर एक जादाची.

खोके उघडल्यावर बाबांनी सगळ्यात आधी ॲम्प्लिफायर उलटा करून त्याच्या पाठीवरची पट्टी वाचली. मग चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली. तेव्हा ती सुट्टीवर आली होती, समोरच बसली होती.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. हे पोरगं एकशेदहा व्होल्टवर वाढलंय. आपल्या भिंतीत दोनशेतीस आहेत. एका घोटात मरेल बिचारं."

"पण मी पिन आणलीये ना."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बाई गं, चप्पल बदलली म्हणून पाय बदलतो का?"

ती रडवेली झाली. परत नेते म्हणाली, बदलून आणते म्हणाली. बाबांनी ऐकलं नाही. त्यांनी खोक्यातून एक छोटा माइक काढला होता. संच खोलीत कुठे काय आहे ते त्या माइकने ऐकतो आणि त्याप्रमाणे आवाज बसवतो, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. बाबांनी सवयीने तो तोंडाजवळ धरला, "हॅलो, हॅलो" म्हणाले आणि अर्थातच काही झालं नाही. "हा माझ्या आयुष्यातला पहिला माइक," ते कौतुकाने म्हणाले, "जो नुसता ऐकून घेतो. असं पाहुणं दारातून परत पाठवायचं नसतं."

ट्रान्सफॉर्मर विकत मिळाला असता. पण विकतचा घेतील तर ते बाबा कसले. ती तिकडे परतल्यावर त्यांनी लोखंडाच्या पट्ट्या आणल्या, तांब्याची तार आणली आणि जेवणघरातल्या टेबलावर वेटोळी घालायला बसले. आई समोर बसून मोजत होती. मोठ्याने मोजायचं, मध्ये थांबायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही, अशी तंबी होती. वेटोळी कमीजास्त झाली तर निघणारं व्होल्टेज कमीजास्त होतं. मोजणी ऐन भरात आलेली असताना फोन वाजला. फोन मुलीचा होता. संच लागला का, विचारायला.

"आणि गेला आकडा," आई नंतर सांगायची. "मी म्हटलं, पुन्हा मोजूया. तर हे म्हणतात, राहू दे, अंदाजाने पुढे जाऊ. इतका काटेकोर माणूस. तुझा फोन म्हटल्यावर सगळं माफ."

ट्रान्सफॉर्मर झाला, चालला, संच त्यावर झकास वाजला. फक्त तो घूं करायला लागला, तो कायमचाच. पट्ट्या घट्ट बसल्या नव्हत्या, एवढंच खरं तर त्याचं कारण होतं आणि बाबांना ते ठाऊक होतं. लोखंड आवळून ती घूं घालवणं त्यांच्या हातचं होतं. पण ते कुणी विचारलं की म्हणत, "हा आमच्या मुलीचा फोन आहे. मोजताना आलेला. वाजतोय अजून."

बंद मात्र कधी करत नसत. संच बंद असला तरी सवत चालू.

याच सवतीमुळे बाबांना एक शोध लागला होता. मुलीच्या तिकडच्या घरात फोन फ्रीजच्या डोक्यावर ठेवलेला असे. एकदा बोलता बोलता बाबा मध्येच म्हणाले, "थांब, गप्प बस जरा." ती गप्प बसली. बराच वेळ गेला.

"बाबा? आहात ना?"

"तुझा फ्रीज वरच्या पट्टीत गातो."

"म्हणजे?"

"आमची सवत खालचा सा लावते. तुझा फ्रीज त्याच्यावर, गंधाराच्या आसपास. तुमच्याकडे करंट सेकंदाला जास्त हेलकावे खातो ना, म्हणून. तिकडची सगळी यंत्रं चढ्या सुरात बोलत असणार. बघ ऐकून."

तिने ऐकलं. फ्रीज, वाचनालयातल्या छतावरच्या दिव्यांच्या नळ्या, लिफ्टची पेटी, सगळं त्याच एका चढ्या सुरात गुणगुणत होतं. तिकडे राहायला गेल्यापासून तिला वाटायचं की काहीतरी किंचित वाकडं आहे. भिंतीवरची तसबीर केसभर कलती असावी तसं. ते काय, ते तिला त्या दिवशी कळलं. बाबांनी मात्र तेव्हापासून एक खोड लावून घेतली. तिने फोन केला की आधी दोन क्षण गप्प राहायचे आणि मग म्हणायचे, "हं. घरी आहेस." किंवा, "आज बाहेरून करतेयस." तिने कधी त्यांना कुठून बोलतेय ते सांगितलं नाही. सांगावं लागलं नाही.

बाबा गेले ते त्याच संचासमोर, मधोमधच्या खुर्चीत. आई शेजारी पेंगत होती. सिनेमा संपला, पडदा काळा झाला, तरी हे उठून बंद का करत नाहीत म्हणून तिने पाहिलं. मुलगी पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानंतर फोन उचलला की 'हॅलो' हा शब्द तिच्या ओठांवर येऊन थांबायचा. जगातल्या सगळ्या फोनांच्या सुरुवातीला बाबांचं नाव होतं. ती "बोला" म्हणायला लागली.

आता घर आवरायचं होतं. आईला एकटीला ठेवायचं नाही, तिकडे न्यायचं, हे मुलीने विमानातच ठरवलं होतं. आईनेही वाद घातला नाही. "नेशील तिकडे येते," म्हणाली. ज्या आईने आयुष्यात कुठल्याच गोष्टीला पहिल्या फटक्यात हो म्हटलं नव्हतं तिने हे इतक्या सहज म्हणावं, याचं मुलीला जरा भय वाटलं. पण तिने कागद जमवायला घेतले. आईला तिकडे राहायच्या परवानगीचा शिक्का मिळाला. घराला भाडेकरूही बघून ठेवला.

खटका बंद केला त्या दुपारच्या दुसऱ्या दिवशी भागीदारकाका उरलंसुरलं सामान न्यायला आले. बाबांबरोबर त्यांनी अर्धं आयुष्य तारा ओढण्यात घालवलं होतं. ते मोठ्याने बोलत, कारण स्पीकरच्या शेजारी उभं राहून त्यांचे कान गेले होते.

"बेबी," ते तिला लहानपणच्या नावाने हाक मारत, "हे थेटर मला दे. हॅलोने मला एकदा मधोमध बसू दिलं नाही. म्हणायचा, तुला बहिऱ्याला मध्य काय आणि कड काय."

"मग बरोबरच होतं त्यांचं," आई आतून म्हणाली.

"काय म्हणाल्या वहिनी?"

"काही नाही. चहा टाकते म्हटलं."

काका हसले. त्यांना ऐकू आलं होतं.

मुलगी म्हणाली, "काका, संच मी तिकडे नेतेय. तो मुळात तिकडचाच आहे. तिकडे भिंतीत एकशेदहाच असतात, सरळ लावला की चालेल. आईला तिथेही मधोमध बसता येईल."

"मी कधी मधोमध बसले?" आई चहा घेऊन बाहेर आली. "मी बाजूला बसायचे. घोरायला." तिने कप ठेवले आणि पदराला हात पुसले. "तुला काय न्यायचं ते ने. माझं एकच. सवत बरोबर घ्यायची."

"आई, तिचा तिथे काही उपयोग नाही. उलट ती लावली तर संच चालणारच नाही."

"संचाला लावू नकोस ना. नुसती भिंतीत लावून ठेव. माझ्या खोलीत."

"एवढं वजन? विमानात?"

"माझे कपडे कमी कर. मला आता कुठे मिरवायचंय?"

वजनाचं मुलीने उगाच काढलं होतं. खरी गोष्ट वेगळी होती आणि ती मघापासून तिच्या जिभेवर येऊन बसली होती. सवत तिकडे नेली तर ती घूं करेल, पण ही घूं नाही. तिकडच्या करंटवर ती फ्रीजसारखी, नळ्यांसारखी, लिफ्टसारखी वरच्या पट्टीत गाईल. आई झोपेतसुद्धा ओळखेल. उठून बसेल आणि विचारेल, कोण आलं?

काकांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनाही ते माहीत होतं. त्यांनी कप उचलला आणि चहावर फुंकर घालत राहिले.

न सांगणं सोपं होतं. आई विमानात बसली असती. तिकडे पोचल्यावर सूर बदललाय म्हणाली असती, तर भास होतोय म्हणता आलं असतं, प्रवासात काही हललं असेल म्हणता आलं असतं. आई एकटी राहिली नसती. मुलीला रोज सकाळी ती डोळ्यांसमोर दिसली असती. एवढ्या एकाच गोष्टीसाठी महिनाभर तिची धावपळ चालली होती. बाबांचं शेवटचं काही तिला करता आलं नव्हतं. आईचं तरी करायचं होतं.

"आई," ती म्हणाली, "तिकडे तिचा आवाज बदलेल."

"बदलेल म्हणजे? मोठा होईल?"

"मोठा नाही. चढेल. तिकडचा करंट वेगळा आहे. बाबा म्हणायचे बघ, माझा फ्रीज वरच्या पट्टीत गातो. ही पण तशीच गाईल."

"हीच वस्तू?"

"हीच."

"यांनीच वळलेली? मी मोजलेली?"

"हो."

आई काकांकडे वळली. काकांनी मान हलवली. आई खाली वाकली आणि तिने सवतीवर हात ठेवला, बाबा ठेवायचे तसा, तळवा सपाट करून. थोडा वेळ तसाच ठेवला. मुलीला वाटलं, आता ती रडेल. बाबा गेल्यापासून ती नीट रडलीच नव्हती.

"मग तू तिथे," आई न वळता म्हणाली, "इतकी वर्षं कशी राहिलीस गं?"

काका खिडकीपाशी जाऊन खाली टेम्पोवाल्याला उगाचच काहीतरी ओरडून सांगू लागले.

संध्याकाळी आईने बांधलेल्या बॅगेतून आपले कपडे काढले आणि एकेक करून कपाटात लावले. मुलगी दारात उभी राहून बघत होती.

"आई, असं करू नकोस."

"तुझ्यावर रागावले नाहीये मी. तू सांगितलंस ते बरं केलंस. तिथे येऊन कळलं असतं तर मी कुणाला विचारलं असतं?" तिने एक पातळ झटकलं. "संच घेऊन जा मात्र. तो परका होता बिचारा, टेकू देऊन उभा केला होता. त्याला त्याच्या घरी ने. सवत राहू दे इथे. तिची सोबत होते."

"ती चालू ठेवून एकटी राहणार तू?"

"एकटी कुठे? आयुष्यभर भांडले तिच्याशी. आता समेट झालाय."

काकांनी जाण्याआधी सवतीच्या मागे एक फ्यूज बसवून दिला, वायर बदलून दिली आणि दर आठवड्याला येऊन बघून जाईन म्हणाले. "आवळून देऊ का वहिनी?" त्यांनी पाना हातात धरून विचारलं. "दोन नट आवळले की गप्प होईल."

"हात तर लावून बघा," आई म्हणाली.

तिकडे परतल्यावर पहिल्या सुट्टीच्या सकाळी मुलीने खोके उघडले. पाच स्पीकर पाच जागी ठेवले, जाडजूड कोपऱ्यात ठेवला. आता मध्ये टेकू नव्हता, पिन बदलायची नव्हती. सरळ भिंतीत लावलं आणि बटण दाबलं. छोटा हिरवा दिवा लागला. बाकी काही नाही. इतका शांत संच तिने कधी पाहिला नव्हता. घरी त्याच्याआधी नेहमी ती घूं सुरू असायची आणि मग चित्र यायचं. तिने सिनेमा लावलाच नाही. मधोमध खुर्ची ओढून ती बराच वेळ त्या हिरव्या दिव्यासमोर बसून राहिली. सगळं जिथल्या तिथे लागलं होतं, त्यात चूक म्हणून नव्हती.

मग तिने फोन लावला. आईकडे संध्याकाळ असणार.

"कोण?" आई म्हणाली.

"मीच गं. जेवलीस?"

"एवढ्यात? काका येऊन गेले. सवत ठणठणीत आहे म्हणाले. संच लावलास?"

"लावला."

"वाजतो?"

"छान वाजतो."

दोघी गप्प झाल्या. पूर्वी या जागी बाबा असत. त्यांचे ते दोन क्षण, आणि मग "हं. घरी आहेस." ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि फोन फ्रीजच्या डोक्यावर ठेवला, पूर्वीच्याच जागी. फ्रीज आपल्या नेहमीच्या चढ्या सुरात गात होता. ती बाजूला उभी राहिली.

फोनमधून बारीक आवाज आला. "अगं? आहेस का?" मग थोडं थांबून, जरा चाचरत, "हॅलो?"

मुलगी हलली नाही.

"हॅलो," आई म्हणाली. "हॅलो, हॅलो."

मुलीने फोन उचलून कानाला लावला. "आहे मी आई. फोन फ्रीजवर ठेवला होता. ऐकू आला का काही?"

आई खरोखर ऐकण्याचा प्रयत्न करत असावी. "नाही गं," ती शेवटी म्हणाली. "मला नाही ऐकू येत. त्यांचा कान वेगळा होता."

"हो."

"तूच सांग. चालू आहे ना?"

"चालू आहे."

"वरच्या पट्टीत?"

"वरच्या पट्टीत."

"हं," आई म्हणाली. "मग घरी आहेस."